नववी ओळ

कविता नऊ ओळींची.
आठ आम्ही दुपारपर्यंत उरकल्या :
खिडकी, किटली, भिंतीवरचं थांबलेलं घड्याळ
(चालू होतं खरं तर, सेल काढून
त्सोत्नेनं खिशात टाकला).
उरली शेवटची :
'आणि कुणी येत नाही.'

आता हे दाखवायचं कसं?
'येत नाही'वर कॅमेरा कुठे रोखतात
हे पहिल्या वर्षाला शिकवलं नव्हतं.

मझिया म्हणाली, दार.
उघडं दार, पुढे रस्ता, चार मिनिटं.
म्हणून कुताइसीच्या त्या गल्लीत
आम्ही कॉलेजचा ट्रायपॉड रोवला,
त्याचा एक पाय चिकटपट्टीनं बांधलेला,
आणि वाट बघत बसलो
कुणी न येण्याची.

पहिल्या टेकला घरमालक ओतार आला,
वाडगाभर हिरवे प्लम घेऊन.
दुसऱ्याला त्याची बायको :
मिठाशिवाय कुणी खातं का हे?
तिसऱ्याला कुत्रं. लेन्ससमोर बसून
निवांत कान खाजवत राहिलं.
चौथ्याला पोलीस. परवाना बघायला आला होता,
आधी आरसा विचारून घेतला.

मी ओरडले, अहो, एकटेपणावर फिल्म आहे ही!
ओतार म्हणाला, मग तर
तुम्हाला एकटं सोडून कसं चालेल?

ऊन कललं. बॅटरी अकरा टक्के.
रस्त्यात टेबल आलं, पाव आला,
आणि कुणाचा तरी काका,
ज्यानं कधीकाळी नाटकात राजा केला होता.
त्यानं कविता मागून घेतली, उभं राहून वाचली,
आठव्या ओळीशी थांबला.
कागदाची घडी घातली.
हे लिहिणाऱ्याचं दार
कुठल्या गल्लीत होतं, म्हणाला.

ठाऊक नव्हतं.
रद्दीतल्या वहीत मिळालेली कविता,
खाली नाव नाही, नुसता चहाचा डाग.

संकलनात मी सगळे आवाज काढून टाकले.
आता माणसं एकेक करून दारातून येतात,
थेट लेन्सकडे बघतात,
ओठ हलतात,
आणि हात पुढे होतो,
त्यात मीठ लावलेला एक प्लम.
घेणारा दिसत नाही.

सर म्हणाले, छान, पण नववी ओळ गळली की.
मी काही बोलले नाही.
त्सोत्ने उगाच खिसे चाचपत होता.

सेल अजून त्याच्याकडेच आहे.
ओतारकडे पावणेदोनच वाजलेत.
द्यायला जायचं म्हणतोय आम्ही,
येत्या रविवारी, जमल्यास.