घट

मुद्देमाल क्रमांक एकशे सात:
हिरवी ओली झाडे, मुळांसकट,
एक्केचाळीस किलो तीनशे ग्रॅम.
तुरीच्या दोन ओळींआड एक, अशी लावलेली;
तूरही चांगली आली होती म्हणे.

आधी आम्ही जाळायचो.
वीटभट्टीवर, पंचांसमक्ष.
वारा नेमका पोलीस लाईनीकडे वळायचा
आणि बिराजदार हवालदार त्या संध्याकाळी
उगाचच प्रेमळ व्हायचे.
तक्रार झाली. कागद वर गेला,
खाली आला तेव्हा त्यावर लिहिलं होतं:
जागच्या जागी आंबवून नष्ट करावे.

आंबवून.
तेवीस वर्षं मालखान्यात काढली,
इडलीचं पीठ सोडून मी काही आंबवलं नव्हतं.

मग कॉलेजातून येमूल मॅडम आल्या,
स्कूटीच्या पुढ्यात गुळाची ढेप, मागे कोंड्याचं पोतं.
दोन निळी पिंपं. भाड्याचं कडबाकुट्टी यंत्र.
एक थर पाला, एक थर कोंडा,
वर गुळाचं पाणी नि ताक.
दाबा, म्हणाल्या, पायानं दाबा,
हवा राहिली की सडतं,
हवा गेली की आंबतं,
एवढाच फरक आहे हो.
खाकी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून
मी पुरावा तुडवला.

झाकणावर लाखेचं सील,
माझी सही, दोन पंचांच्या सह्या.
आत जे कामाला लागले
त्यांची सही कोण घेणार?

चार दिवस वास त्याचाच होता,
तिखट, गुन्ह्याचा.
आठव्या दिवशी शिळ्या आंबिलीचा.
येमूल मॅडम झाकणाच्या फटीशी नाक नेऊन
बराच वेळ वाकून राहिल्या.
खळ, म्हणाल्या.
पूर्व भागात त्यांचे वडील
ताण्याला पाजायची खळ रांजणात ठेवत,
माग बंद पडला तरी रांजण आंबतच होता
कितीतरी दिवस.
पुढचं त्या तेलुगूत बोलल्या,
माझ्याशी नव्हे.

मलकप्पा, आरोपी, दर सोमवारी हजेरीला यायचा.
अंगठा पुसत पिंपापाशी थांबला,
बोटानं टिचकी मारली, खाली, मग वर.
“बाई, तोटी नाही बसवली की हो.
पाणी धरलंय तळाला.
काढा, नाहीतर वाया जाईल सगळं.”
वाया जाईल, म्हणाला,
त्याच्याकडून जप्त केलेल्या,
नष्ट करण्यासाठी ठेवलेल्या मालाबद्दल.
आणि आम्ही तोटी बसवली.
तिचा पंचनामा वेगळा.

चाळिसाव्या दिवशी उघडलं.
पान कुठलं, कोंडा कुठला, सांगता येईना.
घातलं साठ किलो,
निघालं बावन्न, पाणी सहा.
रजिस्टरात रकाना आहे: घट, कारणासह.
पूर्वी तिथे लिहायचे, उंदीर.
मी लिहिलं: दोन किलो, हवेत गेले.
साहेबांनी लाल शाईनं विचारलं:
कोणाच्या परवानगीने?

मालखान्यामागे चर खणून पुरलं ते,
मातीत माती.
महिन्यानं ढेकूळ फोडलं तर भुसभुशीत,
पावसाआधीच्या रानासारखं काळं.
नवरात्र आलं. लाईनीतल्या बायका
परड्या घेऊन दारात उभ्या:
घटाला माती देता का, बाई,
विकतची चिकट निघते.
कुठली आहे, कोणी विचारलं नाही.
मी चाळून दिली,
मोजली नाही, नोंदली नाही.

नवव्या दिवशी गहू वीतभर, दाट,
परडीत बोट शिरेना.
दसऱ्याला शस्त्रपूजेच्या रांगेत
साहेबांच्या टोपीत खोचलेला
तो फिकट पिवळा तुरा हलत होता.
मी सलाम ठोकला.
रकाना अजून मोकळा आहे.