डावीकडची दोन भोकं

लॅपटॉपच्या डाव्या अंगाला दोन भोकं आहेत,
जुळ्यांच्या नाकपुड्या म्हणा.
मागच्यात चार्जर घातला की दिवा लागतो.
पुढच्यातही लागतो.
इथवर भांडण नाही.

मॉनिटरची वायर मागच्यात घातली तर चित्र येतं,
तेही वायर या बाजूने धरली तर.
उलटी केली की काळं.
पुढच्यात सुलटी घाला, उलटी घाला,
हात जोडून घाला,
काळंच.
आणि हार्ड डिस्क मात्र पुढच्यात सुसाट,
मागच्यात कधी सुसाट, कधी तिला धाप लागते.

मी मुद्रितं तपासते. शाळेची पुस्तकं, दिवाळी अंक,
एका निवृत्त कर्नलसाहेबांचं आत्मचरित्र.
त्यामुळे सवयीने तक्ता आखला, लाईटबिलाच्या पाठीवर:
कुठलं भोक, कुठली वायर, कुठली बाजू, काय झालं.
तीन वायरी, एक शेजारच्या जोगळेकरांची.
बावीस ओळी भरल्या.
हेल्पलाइनवरचा मुलगा म्हणाला, मॅडम, रीस्टार्ट केलं का?
केलं होतं.
तो म्हणाला, परत करा.

तेविसाव्या ओळीनंतर लाल पेनने निकाल लिहिला:
पुढचं भोक बिघडलंय. मागचं बरं आहे, जरा लहरी.

बिबवेवाडीहून रिक्षा, मग तपकीर गल्ली,
वायरींच्या भेंडोळ्यांखालून वाकून एक अरुंद जिना,
वर मेहजबीन शिकलगार,
कपाळावर भिंग, टेबलावर अर्धा खाल्लेला क्रीमरोल.
तिने माझा तक्ता पहिल्या ओळीपासून वाचला.
असं आजवर कुणी वाचलं नव्हतं.
टूथपिकने मागच्या भोकातून काढला
राखाडी कापसाचा एक बोळा,
माझ्याच जुन्या पिशवीचा असणार.
मग आत बघून म्हणाली, ही बघा, वरच्या ओळीतली एक पिन वाकलीये.
म्हणून एका बाजूने चालतं, दुसऱ्या बाजूने नाही.
हे खराब आहे.

आणि पुढचं?

पुढच्याला काय झालंय?
त्याला चित्राची वायरिंगच दिली नाहीये कंपनीने.
ते पहिल्यापासून तसंच आहे, ताई.
त्याला काही झालेलं नाही.

मी जिन्याच्या पायरीवर बसले.
चूक कुठली आणि लेखकाची तऱ्हा कुठली,
हे ओळखण्याचे मी पानामागे सत्तर रुपये घेते.

आबा हाक मारली तरी ओ देत नसत.
स्वभाव, म्हणायचो आम्ही. तिरसट.
ते गेल्यावर कपाटात कागद सापडला, ससूनचा,
डाव्या कानाचा.
जेवायला आई कायम त्यांच्या डावीकडे बसायची.

आणि मला चारचौघांत बोलायला जमत नाही.
त्यावर मोठ्या बहिणीने एक वर्ग लावला,
नवऱ्याने दुसरा,
एका बाईंनी आरशासमोर उभं करून
मोठ्याने स्वतःचं नाव घ्यायला लावलं.
दर वेळी परत चालू केलं मला.
दर वेळी काळंच.

मेहजबीन म्हणाली, मागचं पोर्ट बदलावं लागेल,
परवा या, अठराशे होतील.
पुढच्याचं काय करू?
काही नाही, म्हटलं, राहू दे.

आता पुढच्या भोकाशेजारी मी टिकली लावलीये, बारीक, मरून रंगाची,
म्हणजे रात्री चाचपडताना कळावं,
इथे डिस्क, इथे माऊस,
इथे चित्र मागायचं नाही.

काल फोन चार्ज करायला तिथेच जोडला.
दोघांनी आत काहीतरी कुजबुजत ठरवलं
कोण देणार, कोण घेणार.
सकाळी बघते तर
फोनच लॅपटॉपला देत बसला होता रात्रभर,
स्वतःकडे नऊ टक्के उरले होते.

याला काय म्हणायचं ते
अजून तक्त्यात लिहिलेलं नाही.