बैजवार

आधी हातातलं कडं काढ, यशो.
घड्याळ पण.
हसू नको. बारा व्होल्ट झटका देत नाहीत,
पण पान्ह्याचं एक टोक बॅटरीला, दुसरं बॉडीला टेकलं
आणि मधे कडं आलं, तर ते लाल होतं,
मनगट त्याच्या आतच असतं.
काळी वायर आधी सोड. जोडताना मात्र शेवटी.

नगरपरिषदेची आगीची गाडी. जिंतूर.
नऊच वाजलेत, पण पत्र्याला हात लावू देत नाही
एवढं निंबर.
मुटकुळे ड्रायव्हर टायरच्या सावलीत बसून
डाव्या तळव्यावर तंबाखू मळायलाय. म्हणतोय,
"लायटरमधून घ्या की लाईन. कामून एवढा खटाटोप?"
त्याला सांग, मामा,
सेट ऐकताना गरीब असतो,
बोलताना दहा-बारा अँपिअर ओढतो.
सुतळीनं कुणी बैल बांधतं का?

लाईन थेट बॅटरीवरून.
फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात, तिकडं सेटपाशी नाही.
फ्यूज सेटची राखण करत नसतो,
त्याला राखायची असते ही सहा फूट वायर,
जी इंजिनाच्या धगीतून, अंधारातून
एकटीच जाते.

ड्रिल चालवायच्या आधी पलीकडं जाऊन बघ.
पत्र्याला दोन अंगं असतात,
आणि ब्रेकची नळी नेहमी दुसऱ्या अंगाला असते.
बिटला टेप गुंडाळ, खोल घुसणार नाही.
भोकाची कड कानशीनं घास.
मग रबराचं ग्रोमेट. ग्रोमेटशिवाय वायर ओवायची नाही,
पंतप्रधान आले तरी.

टपाच्या मधोमध अँटेना. दिव्यापासून लांब.
खाली रंग खरवड, चकाकता पत्रा दिसेपर्यंत.
मुटकुळे ओरडेल, नवा रंग आहे म्हणून. ओरडू दे.
केबल दाराच्या फटीतून नको,
दार दिवसातून शंभर वेळा आपटतं.
उंची मोज. वस्त्यांमधे लाईटच्या तारा
दोरीवरल्या लुगड्यासारख्या लोंबतात.

तू विचारलंस ना, ग्रोमेटचं एवढं काय.

सात वर्षं झाली. मानवतला जिनिंगमधे कापूस पेटला,
रात्रीची दुसरी गाडी निघाली इथून.
बोरीच्या अलीकडं डॅशबोर्डातून धूर.
मागं पाच हजार लिटर पाणी,
आणि ड्रायव्हर पिण्याच्या बाटलीनं
स्वतःच्या पायाशी लागलेली आग विझवायलाय.
लोकांनी व्हिडिओ काढले. लोक हसले.
वायर पत्र्याच्या कडेला घासून घासून सोलली होती,
आणि फ्यूज सेटपाशी होता.

फिटिंग कुणाचं, ते नाही विचारलंस.

गुरुवार होता. दुकान बंद. ग्रोमेट संपलेलं.
मी म्हटलं, चालतंय.

म्हणून माइकची क्लिप उजव्या खांबाला लाव.
बाकीच्या गाड्यांत डावीकडं असते, माहीत आहे.
इथं उजवीकडं. दोरी स्टेअरिंगच्या मागून घे,
चाकात गुंतायला नको, गुडघ्याला लागायला नको.
का ते मुटकुळेच्या डाव्या हाताकडं बघ,
दोन बोटं मिटत नाहीत.
तंबाखू तळव्यावर मळता येते. बटन दाबता येत नाही.
त्यानं कधी काढलं नाही तोंडातून.
गाडी मात्र माझ्याकडंच आणतो.

घाई नको. बैजवार.
अँटेना न जोडता बटन दाबलंस तर सेट गेला.
आधी मीटर लाव. टपावर कुणी नाही ना, बघ.
इंजिन चालू कर. स्पीकरमधे डासासारखं गुणगुणतंय?
नाही? बरं झालं.

येलदरीच्या घाटात मोबाईल मुका होतो,
तिथून हा बोलला पाहिजे.

मामा, या. घ्या माइक.

कंट्रोलची बाई विचारते, आवाज कसा येतोय?
मुटकुळे लगेच काही बोलत नाही.
थुंकायला दार उघडतो,
पुन्हा आपटतो.
टपावरची अँटेना थोडा वेळ हलत राहते.