भाड्याची वही

पगार दहाला हातात यायचा. साडेदहाला मी वीटभट्टीवर.
हॉस्पिटलच्या धोबीखान्यातला एप्रन अंगावर तसाच,
कारण घरी जाऊन बदलेपर्यंत
शंभर विटांच्या ऐंशी व्हायच्या.

पेट्रोसची रेल्वेतली बत्तीस वर्षं
एका शुक्रवारी बँकेत जमा झाली.
सोमवारी त्या बत्तीस वर्षांचे
दोन पाव आले. तेही शिळे.
तो हसला. मग बरेच दिवस बोललाच नाही.

लोक म्हणतात, नेत्साईला आधीच कळलं होतं.
कळलं कसलं, पोळलं होतं.
वीट चोराला जड जाते.
तुम्ही झोपलात तरी सकाळी
वीट विटेएवढीच असते.

मागच्या अंगणात भिंती चढल्या,
चार पगारांत गुडघ्याएवढ्या, अकरा पगारांत डोक्याएवढ्या.
तीन वर्षं वर नुसतं आभाळ.
आत गवत माजलं, शेजारणीच्या कोंबड्या येऊन अंडी घालू लागल्या,
शेजारीण म्हणाली, बघ, भाडेकरू आले.
पत्र्यांसाठी फ्रीज दिला.
वीज नव्हतीच, कपाट म्हणून उभा होता.

मग लर्नमोर चिकोशा, भूगोलाचा मास्तर.
एक गादी, एक ॲटलास, पोटुशी बायको.
भाडं ठरवायला बसलो तर दोघांनाही आकडा सुचेना.
जो म्हणावा तो
चहा निवेपर्यंत खोटा पडणार.
शेवटी वहीत लिहिलं:

मार्च. तेल दोन लिटर, साखर एक किलो.
एप्रिल. तेल एक लिटर. साबण अर्धी वडी.
जून. नोटा, पिशवीभर. मोजल्या नाहीत. चूल पेटवायला बऱ्या.
जुलै. काही नाही. पण पहाटे तीनपासून
बोअरवेलच्या रांगेत माझ्याही बादल्या घेऊन उभा, रोज.
ऑगस्ट. मुलगी झाली. तेल मीच परत दिलं.

ऑगस्टची ओळ जमेत धरायची की खर्चात,
ते ठरेना, म्हणून तिथे पेन बराच वेळ टेकलं होतं.
शाई पसरली आहे.

पेट्रोस विचारायचा, मालकीण तू, की ती माणसं?
मी म्हणायचे, खोली रिकामी ठेवली
तर उंदीर कुठे भाडं देणार आहेत?

पण रात्री मीही हिशेब करायचे.
सहा हजार विटा. फ्रीज. गवंड्याला दिलेला पेट्रोसचा लग्नातला कोट.
एकदा रागाने कुलूप विकत आणलं
त्यांच्या दाराला ठोकायला.
आत बाळ रडत होतं.
कुलूप खुराड्याला लावलं.

नोव्हेंबरात ते लिंपोपोपलीकडे गेले, जोहान्सबर्गला.
चार महिने थकले होते.
ॲटलास माझ्या हातात देऊन म्हणाला, पैसे पाठवीन.
मी म्हटलं, कुठले?

त्यानंतर डॉलर आले. अमेरिकेचे, एकेकाचे, मळके,
कोपरा फाटला तर दुकानदार हात लावीना.
नव्या भाडेकरणीने दिलेले मी धुऊन इस्त्री केले,
हात धोबीखान्याचा.
मग पुन्हा आपल्या नोटा. मग त्यांचं नाव बदललं. मग पुन्हा बदललं.
वहीच्या समासात मी प्रत्येक नाव लिहून ठेवलंय,
मेलेल्या नातेवाइकांसारखं.

भाचा बँकेत लागलाय. टाय लावून आला आणि विचारतो,
आत्या, खोलीवर परतावा किती टक्के?
मी म्हटलं, अंडी धरून सांगू, की अंडी सोडून?

आज ॲटलास उघडला.
पान आफ्रिकेचंच निघालं, त्याला तशी घडी पडलेली.
बुदिरिरो त्यात नाही.
हरारे आहे, टाचणीच्या डोक्याएवढं,
आणि जोहान्सबर्ग तिथून चार बोटं खाली.
बोटं ठेवून पाहिली.

चिकोशाच्या पानावर "बाकी: चार महिने" अजून तसंच आहे.
खोडलं नाही. मागितलंही नाही.

रेडिओ म्हणतो, उद्यापासून सिमेंटचा नवा भाव.
खुराड्याशेजारी अजून एक खोली बसेल,
लहानशी.
सकाळी लवकर निघायला हवं.