वाचली

मेतकूट-भात एका हाताने जेवता येतो,
म्हणून तो वाचनाचा भात.
आमटी असेल त्या दिवशी पुस्तक बंद.

मेतकूट चिपळूणहून सुमनताईचं. वाटेत पुडी फुटली,
तेव्हापासून बँकेच्या पत्रांनाही हिंगाचा वास.
पुस्तक लँकॅस्टरच्या लायब्ररीचं, मोठ्या टायपातलं.
खून झाला आहे. बंगल्यात, चहाच्या वेळी.
एकशेबाराव्या पानावर भेटला
आधीच्या वाचकाचा डाग:
नारिंगी, वाटोळा, बेक्ड बीन्सचाच असणार.
म्हणजे तीही, किंवा तोही,
नेमकं इथेच थांबून, चमचा हवेत धरून,
माळीबुवांवर संशय घेत होतं कुणीतरी.
बरं वाटलं.
न पाहिलेल्या माणसाच्या पंगतीला बसल्यासारखं.

तेवढ्यात शेजारच्या ग्लेनिसचा बोका मागच्या दाराने आत,
भाडं वसूल करायला आल्यासारखा.
तिकडे तो ॲडमिरल, इकडे बोकोबा.
दोन्ही नावांना ओ देत नाही.
तिकडे ट्यूना, इकडे सायीची वाटी,
आणि दोन्ही घरांना वाटतं, बिचारा उपाशी आहे.
अच्युत म्हणतो, मुरलेला स्थलांतरित म्हणतात तो हा.
मी म्हणते, तू कुकर घास.

खरकटं हिरव्या बादलीत टाकायला बाहेर गेले.
पाऊस नुकता थांबलेला, फरशी ओली,
आणि पाऊल टेकणार तोच
चपलेखाली, अगदी केसभर अंतरावर, गोगलगाय.
एका पायावर बगळ्यासारखी उभी राहून
मी ओरडले, "वाचली!"

"काय झालं, लव्ह?" कुंपणापलीकडून ग्लेनिस.
आता काय सांगू?
की जे मी सकाळपासून भाताबरोबर करते आहे
तेच आत्ता या गोगलगायीचंही झालं,
शब्दसुद्धा तोच?
मी म्हटलं, "स्नेल."
ती म्हणाली, "बशीत बिअर ठेव.
बुडून मरतात. आनंदात."

माझा कोथिंबिरीचा वाफा हिनेच संपवला, मला ठाऊक आहे.
रात्रभर, कडेकडेने, घाई न करता,
एक पान झालं की पुढचं.
कोपरा दुमडलेला नाही कुठेही.
मी तर भराभर उलटत जाते,
वर्णनं गाळते,
कधीकधी शेवट आधी बघते.
तिला उचलून ग्लेनिसच्या लेट्यूसकडे तोंड करून ठेवली.
हे कुणाला सांगू नका.

परत आले तर भात गार,
आणि बोका पुस्तकावर, पोटाखाली पाय दुमडून.
शेपटीजवळून डोकावणारा तो नारिंगी डाग,
त्याच्या शेजारी आता माझा अंगठा, पिवळाजर्द.
मंगळवारी परत करायचं आहे.
काउंटरवरची मुलगी काही बोलणार नाही,
फक्त पान वास घेण्याइतकं जवळ नेईल.

माळीबुवा बहुतेक निर्दोष असावेत.
पण बोका उठेपर्यंत
खुनी मोकळाच आहे.