कडी

गोराईच्या पाड्यावरची आमची शाळा
मुंबईतच मोडते, कागदावर.

रविना वरठा, सातवी.
दिवसभर पाण्याला शिवायची नाही.
विचारलं तर, "तहानच नाही, बाई."
मधल्या सुट्टीनंतर बाक रिकामा;
हजेरीपटावर मी सकाळचीच खूण धरायचे.

मे महिन्यात नळ आला.
मुलींचा संडास झाला, त्याला आतून कडी.

आज पाचव्या तासाला नद्या काढत होतो.
रविनानं हात वर केला. गेली.
कडीचा आवाज वर्गापर्यंत आला.
ओल्या हातांनीच परतली ती,
वहीवर थेंब पडला
आणि शाईची वैतरणा
जरा रुंद झाली.

मग बाटली तोंडाला लावून
गटागटा प्यायली, सगळ्यांदेखत.

मी फळा पुसत राहिले,
पुसून झाला होता तरी.