बुखारा, अर्ध्या दिवसात

दिलफुझा मिटलेली छत्री उंच धरून चालते,
ती आमची खूण.
"कल्यान मिनार. वरून गुन्हेगारांना
पोत्यात घालून ढकलत,"
भाजीचा भाव सांगावा तसं सांगते.
कुणीतरी विचारतं, पायऱ्या किती?

चोर-मिनोरच्या चार मनोऱ्यांतला एक
ती शाळेत असताना कोसळला,
पुन्हा बांधला. "ओळखा कुठला?"
आम्ही चौघं चार दिशांना बोटं करतो.
ती हसते. सांगत नाही.

सामानींच्या कबरीच्या विटा
टोपलीसारख्या विणलेल्या.
मातीखाली गाडली गेली म्हणून वाचली म्हणे.
अकरा मिनिटं. फोटो. पाणी विकणारा पोरगा.

मग हौदाकाठी चहा. इथंही हौदच, फक्त
शेवटचं अक्षर जरा घासून म्हणतात.
वाकलेली तुती, तिची फळं पाण्यात.
दिलफुझानं छत्री खुर्चीला टेकवली.
"त्या घुमटावर करकोचे असायचे.
गावभर हौद होते तेव्हा.
रोगराई नको म्हणून बुजवले,
बेडूक गेले, मग तेही.
आजोबांना त्यांच्या चोचींनी जाग यायची.
पुढे घड्याळ उशाशी ठेवलं,
तरी उशिरापर्यंत निजत."

तिनं बशीतले दोन चमचे उचलले
आणि एकमेकांवर वाजवले,
कटकटकटकट, भराभर.

पलीकडे सोंगट्या मांडून बसलेल्या म्हाताऱ्यानं
हातातला फासा तसाच धरला
आणि मान वर केली.

हमरोकुल गाडीचा हॉर्न देत होता.
किल्ला अजून राहिला होता.